भाच्याला सांगा, फॉरमॅट जरा थांबव

पत्र : दादा, कराडला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर आहेत. दोन्ही इंटेलच्या सहाव्या पिढीचे, आठ जीबी रॅम, विंडोज १०. एकावर फॉर्म, सातबारा, अर्ज-प्रतिज्ञापत्रांचं टायपिंग. दुसऱ्यावर कोरल आणि श्री-लिपी, लग्नपत्रिका नि बोर्डांसाठी. विंडोजचे अपडेट बंद झाल्यापासून धाकधूक आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो, ११ चढणार नाही, नवीन घ्या. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा भाचा म्हणतो, "मावशी, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकू. आधी डिस्ट्रोसी नावाच्या साइटवर ब्राउझरमध्येच चालवून बघ, आवडलं तर रविवारी येऊन दोन्हीला फॉरमॅट मारतो." मी उघडून पाहिलं. दिसायला बरं वाटलं, पण माउस मागून मागून येत होता, आणि मराठी टाइप करायला गेले तर कधी काहीच उमटेना, कधी भलतंच. सतरा वर्षं रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर, हात बसलाय. एवढ्यावरून हो म्हणू का नाही म्हणू?
— दुकानवाली ताई, कराड

ताई,

एवढ्यावरून हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. रविवारचा फॉरमॅट तेवढा पुढे ढकला. भाच्याची सूचना वाईट नाही, उलट निम्मी बरोबर आहे. उरलेली निम्मी त्याच्या लक्षात आली नाही, कारण त्याला दुकान चालवायचं नाही.

आधी तुमच्या कॉम्प्युटरवाल्याबद्दल. तो खोटं बोलत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ही अट घातली आहे, तुमची मशीन सहाव्या पिढीची. आडवाटेने ते चढवून देणारे लोक असतात, पण ज्या मशीनवर चार लोकांची कागदपत्रं उघडायची तिथे आडवाट नको. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हेही खरं. मात्र मशीन त्या दिवशी मेली नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी केली, तर घरगुती आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. म्हणजे घाई नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत हा उद्योग मे-जूनमध्ये काढू नका. दाखल्यांची रांग दारात उभी असताना "थांबा हं, नवीन सिस्टीम आहे" हे वाक्य गिऱ्हाईक एकदाच ऐकून घेतं.

आता तुम्ही डिस्ट्रोसीवर नेमकं काय पाहिलंत ते सांगतो, म्हणजे माउसचा राग लिनक्सवर निघणार नाही. तुम्ही मिंट "उघडलंत", पण ते तुमच्या मशीनवर उघडलंच नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर एका आभासी कॉम्प्युटरमध्ये मिंट चालू होतं. तुमच्या ब्राउझरमध्ये येत होतं ते त्याच्या पडद्याचं चित्र. तुम्ही माउस हलवला की तो निरोप तिकडे जाणार, तिकडचा बाण हलणार, मग नवीन चित्र इकडे येणार. बाण मागे राहतो तो या येण्याजाण्यात. व्हिडिओ कॉलवर गावाकडची म्हैस पाहून ती दूध किती देईल ते सांगता येतं का? तसंच. तिथे मिंट रखडलं म्हणून ते तुमच्या दुकानात रखडेल असं नाही, आणि (हे कुणी सांगत नाही) तिथे भराभर चाललं म्हणून तुमच्याकडे चालेल असंही नाही.

ब्राउझरमध्ये सिस्टीम चालवण्याची अजून एक जात आहे, तिची फक्त ओळख असू द्या. फॅब्रिस बेलार्ड नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०११ मध्ये जेएसलिनक्स केलं, त्यात अख्खा कॉम्प्युटरच ब्राउझरच्या आत, जावास्क्रिप्टमध्ये उभा राहतो. तिथे ताण तुमच्याच मशीनवर येतो. बघायला अजब आहे, पण तुमच्या कामाचं नाही. आणि काही पानं तर निव्वळ मुखवटा असतात. स्टार्ट मेनू उघडतो, खिडक्या सरकतात, आत काही नसतं. भाचा एखादं तसलं "ऑनलाइन विंडोज ११" दाखवायला आला तर कौतुक करा आणि सोडून द्या.

मराठी का उमटेना, याचं कारण मला जवळजवळ दिसतंय. तुमच्या स्वतःच्या मशीनचा कीबोर्ड तेव्हा मराठीवर असणार. तुमच्या विंडोजने कळ दाबताच तिचं मराठी अक्षर केलं आणि ते अक्षर पलीकडे पाठवलं. पलीकडच्या मशीनला अपेक्षा होती साध्या इंग्रजी कळेची. मग काहीच नाही, किंवा भलतंच. उपाय सोपा आहे: तुमच्या बाजूला कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि मराठी करायचं ते मिंटच्या आत. तिथल्या सेटिंगमध्ये कीबोर्ड, मग लेआउट, मग अधिकची खूण. यादीत भारतीय म्हणून जो लेआउट आहे तो इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण मांडणी, आणि मराठीच्या नावाने कागपा फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायची मांडणी, सापडेल. याला काही डाउनलोड लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण अशा ठिकाणी आतल्या कॉम्प्युटरला इंटरनेट बऱ्याचदा बंद असतं किंवा खातं काढल्यावरच मिळतं.

तेवढ्यात एक खोड लक्षात ठेवा. आतली खिडकी बंद करायला सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबलंत, की तुमच्या ब्राउझरचा टॅबच बंद होतो आणि सगळं पहिल्यापासून. ऑल्ट-टॅबही पलीकडे पोचत नाही. मी स्वतः पहिल्या दिवशी तीनदा बाहेर फेकला गेलो आणि तिन्ही वेळा साइटला नावं ठेवली.

मग तिथे बघायचं काय? बहुतेक लोक वॉलपेपर बदलून बघतात, मेनू उघडझाप करतात आणि "छान आहे" म्हणून उठतात. तुम्ही तुमची रोजची कामं करा. लिबरऑफिस रायटर उघडा, लीगल आकाराचं पान घ्या, वरचा स्टॅम्पपेपरचा भाग रिकामा सोडून प्रतिज्ञापत्राच्या दहा ओळी टाइप करा. एक तक्ता काढा. पीडीएफ करा. फाइल कुठे गेली ती शोधा, नाव बदला, फोल्डरमध्ये टाका. हे करताना हात कुठे अडखळतो ते कागदावर लिहीत जा. मराठीसाठी एक छोटी परीक्षा सांगतो: "दुसऱ्या", "ऱ्हास", "ॲड.", "उद्ध्वस्त" हे चार शब्द टाइप करा. त्यातला "दुसऱ्या"मधला र नीट चंद्रकोरीसारखा आला, रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसला नाही, तर पास. हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या कीबोर्डांना या एका र ने आजवर बरंच रडवलंय.

एक गोष्ट मात्र तिथे अजिबात करायची नाही. कुणाचंही लॉगिन टाकायचं नाही. आपले सरकारचं नाही, महाडीबीटीचं नाही, तुमच्या स्वतःच्या ईमेलचंही नाही. गिऱ्हाइकाचं आधार कार्ड "बघू उघडतंय का" म्हणून तिथे चढवायचं नाही. तो कॉम्प्युटर तुमचा नाही. पडदा तुमच्या समोर असला तरी कळा दुसऱ्याच्या घरात दाबल्या जातायत.

दोन संध्याकाळी एवढं झालं की तुमच्या हाताचं उत्तर मिळेल, म्हणजे हे तुम्हाला जमेल का, आवडेल का. मशीनचं उत्तर तिथे मिळणार नाही, कारण तुमची मशीन त्या खेळात नव्हतीच. तुमचा प्रिंटर, स्कॅनर, वायफायची ती छोटी डोंगल, अंगठ्याच्या ठशाचं यंत्र असेल तर ते, यातलं काहीही त्या लांबच्या सर्व्हरला जोडलेलं नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटरच नाही चालला तर बाकी सगळं चालून काय उपयोग?

त्यासाठी पेन ड्राइव्ह. हा प्रकार ब्राउझरवाल्या चाचणीपेक्षा खूप जुना आहे. २००० च्या सुमाराला जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स नावाचं लिनक्स आलं, ते सीडीवरून थेट चालायचं, हार्ड डिस्कला हात न लावता. पुढे उबुंटू नावाच्या लिनक्सवाले तर मागेल त्याला सीडी पोस्टाने घरपोच फुकट पाठवायचे, २००५ ते २०११ पर्यंत. माझ्याकडे त्यांचं एक पाकीट अजून आहे, पोस्टमनने "परदेशातून काय आलंय?" असं विचारून दिलेलं. आता सीडीच्या जागी पेन ड्राइव्ह आला, बाकी कल्पना तीच: पेन ड्राइव्हवरून सिस्टीम रॅममध्ये चढते, तुमच्याच मशीनवर, तुमच्याच प्रिंटरसकट चालते, आणि बंद करून पेन ड्राइव्ह काढला की तुमचं विंडोज होतं तसं.

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे, पण त्यावरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा घरच्या बारशाचे फोटो असलेला घेऊ नका. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची असते. ती मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि भाच्याला तिचा चेकसम (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा) तपासायला लावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये कुणीतरी मिंटच्या साइटमध्येच घुसून डाउनलोडच्या लिंकमागे खोट घातलेली फाइल ठेवली होती, म्हणून सांगतो. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवायची. मशीन चालू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, असेंबल्ड डब्याला मदरबोर्डप्रमाणे. तुमच्या भाच्याला हे येत असणारच.

मिंट उघडलं की डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" नावाचं एक चिन्ह दिसेल. त्याला हात लावायचा नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. बरीच वर्षं झाली, मावसभावाच्या मशीनवर मला नुसतं "दाखवायचं" होतं. दाखवता दाखवता ते चिन्ह दाबलं, पुढे पुढे करत गेलो आणि "डिस्क पुसून बसवा" या गोलात ठिपका आधीच पडलेला होता तो वाचलाच नाही. त्याच्या दूध डेअरीच्या तीन वर्षांच्या हिशेबाचं काय झालं ते विचारू नका. दोन दिवाळ्या त्याच्या घरी फराळाला गेलो नाही.

पेन ड्राइव्हवर काय तपासायचं त्याचा क्रम तुमच्या दुकानाने ठरवू द्या. पहिला प्रिंटर. काही प्रिंटर जोडताच ओळखले जातात. एचपीच्या पुष्कळ मॉडेलांना लिनक्सचा आधार चांगला आहे. पण दुकानादुकानांतून दिसणारे काही छोटे काळे-पांढरे लेझर असे आहेत की ज्यांना स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. एक प्रिंट काढून समाधान मानू नका. दोन्ही बाजूंची काढा, लीगल काढा, आधार कार्ड पुढून-मागून एकाच पानावर काढून बघा. मग स्कॅनर, पोर्टलच्या मर्यादेत बसेल एवढी लहान पीडीएफ करून, कारण मोठी फाइल ती घेत नाहीत. मग तुमचे रोजचे पोर्टल, ब्राउझरमधून. ती बहुतेक चालतात, क्रोम आणि फायरफॉक्स तिथेही तेच आहेत. अडतं ते डिजिटल सही, ठशाचं यंत्र, असल्या जोड-कामांत. त्यांचे प्रोग्रॅम बनवणारे विंडोज धरूनच चालतात. तुमच्याकडे यांतलं काही असेल तर ते लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लॉगिन इथे चालेल, मशीन तुमची आहे.

आणि रेमिंग्टन. सतरा वर्षांचा हात ही तुमची पुंजी आहे, ती बदला असं मी सांगणार नाही. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन नावाचं, भारतीय भाषांच्या टायपिंगचं पॅकेज घ्या. त्याच्या मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, टायपरायटर आणि चक्क गमभनसुद्धा आहे. गमभन पाहून मला तर जुन्या ऑर्कुटच्या दिवसांची आठवण झाली. इनपुट मेथडमध्ये आयबस निवडलं की एकदा लॉगआउट करून परत आत यायचं. मशीन रीस्टार्ट करू नका, पेन ड्राइव्हवर बसवलेलं सगळं रीस्टार्टला पुसलं जातं. मग अर्धा तास टाइप करा. चारपाच कळा इकडच्या तिकडे लागल्या तर चालेल, एवढी सवय आठवड्यात होते. पण दर ओळीला मान खाली घालून कळ शोधावी लागली तर तो लेआउट तुमचा रेमिंग्टन नाही, दुसरा बघा.

जुन्या फाइलींचा एक वेगळाच पेच आहे, तोही याच बैठकीत बघा. युनिकोडमध्ये, मंगल फॉन्टने केलेल्या फाइली लिनक्सवर उघडतील, वाचता येतील. पण मंगल तिथे नसतो, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, आणि एका पानात बसवलेला अर्ज दीड पान होतो. वीसेक नेहमीचे नमुने एकदा बसून नीट करावे लागतील. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मात्र तो फॉन्ट नसेल तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. गंमत अशी की लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी दाखवणारा लोहित फॉन्ट मूळचा श्री-लिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचाच. रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने तो घेऊन सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे घराणं एकच, पण त्याने तुमचा चिवडा वाचता येणार नाही.

यावरून दुसऱ्या मशीनचं उत्तर येतंच. कोरल लिनक्ससाठी निघत नाही, तुमची श्री-लिपीही विंडोजचीच. कोरलच्या जागी वापरतात ते इंकस्केप फुकट आहे, चांगलंही आहे, पण लग्नसराईत पत्रिका उद्या हवी म्हणून गणपतीचं क्लिपआर्ट शोधणाऱ्या बाईने नवीन प्रोग्रॅम शिकत बसावं हे मला पटत नाही. ती मशीन विंडोजवरच राहू द्या. अपडेटची नोंदणी करा, तिच्यावरून ईमेल आणि बँक बंद करा. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्हही थेट तिला लावायचा नाही. डिझाइन करायचं, प्रिंट काढायची, एवढंच. भाच्याला "दोन्हीला फॉरमॅट" म्हणताना हे सुचलं नाही, कारण त्याने अजून कुणाची पत्रिका छापून दिलेली नाही.

फॉर्मच्या मशीनवर सगळं जमलं तर मग बसवा. पण फॉरमॅट तेव्हाही नको. ती मशीन अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर एक नवीन एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. तेवढ्यानेच तिला जो वेग येईल तो पाहून निम्मं श्रेय लिनक्सला फुकट मिळेल. जुनी डिस्क काढायची, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवायची. मिंट नव्या डिस्कवर. महिनाभराने कुठे अडलंच, तर दोन स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावली की तुमचं विंडोज, तुमच्या फाइली, जसंच्या तसं. आठ जीबी रॅम मिंटला भरपूर झाली. मिंटच्या २२ च्या मालिकेला अपडेट २०२९ पर्यंत आहेत, तेव्हा एकदा बसवलं की तेवढी वर्षं हा प्रश्न परत येत नाही.

एक राहिलं. प्रिंटर कुठला ते पत्रात लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडकणार किंवा सुटणार आहे. मागच्या बाजूला किंवा टोनरचं झाकण उघडल्यावर आत स्टिकर असतो, त्यावरचं पूर्ण मॉडेल, शेवटच्या अक्षरासकट, उतरवून पाठवा. रविवारी भाचा येणारच आहे तर त्याला पेन ड्राइव्ह करायला बसवा, आणि जेवूनच जाऊ द्या.